शेवटचा फर्मा

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही जमतो
मिरजेत, शमशादआपांच्या कारखान्यात,
म्हणजे दहा बाय चौदाच्या खोलीत,
टांगलेल्या भोपळ्यांखाली.
तुणाच्या लाकडाचा भुसा चपलांवर बसतो,
चहावरही.
नियम एकच, गोष्ट सांगायची नाही.
पुस्तक कुठे भेटलं
आणि कुठे थांबावं लागलं, तेवढंच.

दऱ्याप्पा खोत ऐकतो.
तासगावचा बेदाणा भरून निघाला की
कानात एक बाई वाचत असते रात्रभर.
परवा नेमकी आंबा घाटात रेंज गेली
आणि पुस्तकातली पोर विहिरीच्या काठावर उभी.
"साखरप्याला उतरेपर्यंत
माझा पाय ब्रेकवर, ताई. तिच्यासाठी."
मग खिशातून रुमाल काढून उगीच मान पुसली.
"ऐकाच तुम्ही. पण घाटाआधी
उतरवून घ्या फोनमध्ये."

उपाध्ये सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,
पंधरा दिवस अक्षर बंद.
नात वाचून दाखवायची, दुसरीतली,
जोडाक्षराला अडखळणारी.
"चारदा वाचलेलं पुस्तक," सर म्हणाले,
"'स्वच्छ'पाशी ती इतका वेळ थांबली
की मला पहिल्यांदाच ते अंगण दिसलं."

आश्लेषा डी. फार्म.ला आहे.
ती सगळं दीडपट वेगानं ऐकते.
"डोसही असाच देणार का गं पेशंटला?"
"रडायचं आलं की वेग कमी करते, सर."
यावर सरांना काही सुचलं नाही.
आपांनी त्यांच्यापुढे शेंगदाणे सरकवले.

माझं पुस्तक पुरातलं.
सांगलीच्या रस्त्यावर गाळ उपसत होते तेव्हा
ढिगातून उचललेलं.
अर्धा शिक्का, पापडासारखी फुगलेली पानं,
आणि शेवटचा फर्माच नाही.
सोळा पानं.
दोन भाऊ, एक नाव, वाटणी,
एवढ्यावर पाणी.
दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, रात्रपाळीला,
फायलींच्या मध्ये बसून
मी त्या दोघांना कितीदा काठाला लावलं,
कितीदा बुडवलं.
थोरल्याचा आवाज मी घोगरा ठरवला होता,
आमच्या गेटवरच्या कोंडिबासारखा.

आश्लेषानं शोधून काढलं ते.
"ताई, ऐकायला मिळतंय. सोळा पानांची बावीस मिनिटं."
ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे,
असं याच खोलीत मोठ्यानं बोललेली बाई मी.
नको म्हणाले.
आपा काही बोलल्या नाहीत.
मंगळवेढ्याकडून आलेला एक भोपळा,
कापून, कोरून, वाळवून ठेवलेला,
त्यांनी मांडीवर घेतला
आणि फोन आत ठेवला.

पत्र्यासारखा तो आवाज,
त्याला पोट आलं.
भिंतीवरच्या एका तंबोऱ्याची तार
कुणी न छेडता, बारीक, बोलायला लागली.
दऱ्याप्पानं चहाचा कप खाली ठेवायचा राहिला.

पण थोरला!
पातळ आवाजाचा निघाला, जवळजवळ बायकी,
"माझा वाटा तूच वल्हव" म्हणाला
तर मी इकडे तिकडे बघितलं,
हा कोण आला मध्येच?
पाच मिनिटं त्याच्यावर रागावण्यात गेली.
मग राग कुठे गेला कळलं नाही.
शेवट सांगणार नाही. नियम आहे.
आपांनी भोपळा तसाच धरून ठेवला होता थोडा वेळ,
आत काहीच वाजत नसताना.

त्या रात्री ते फुगलेलं पुस्तक
मी पहिल्यापासून उघडलं.
तर पहिल्याच पानावर थोरला पातळ आवाजात बोलला.
दुसऱ्यावरही.
घोगरा कुठे गेला, कुणाला विचारू?

पहाटे चारला गेटवर कोंडिबा म्हणाला,
"चहा टाकू का, बाई?"
मी थांबलेच.
कितीतरी दिवसांनी,
वाटणी झाल्यावर,
गावात भेटावं कुणी तसं
त्याच्याकडे बघत राहिले.